आबांच्या रायफलीची दुर्बीण

पहिला बार झाला आणि मडकं जसंच्या तसं उभं राहिलं. फुटली ती आबांची भुवई.

मुरमाच्या खाणीत आवाज घुमला, बाभळीवरची पाखरं उडाली, आणि धूर विरायच्या आत आबांनी शांतपणे विचारलं, "लागलं का गं?"

"लागलं की! तुम्हालाच लागलं!"

दुर्बिणीच्या मागच्या कडेनं त्यांच्या भुवईवर अर्धा चंद्र कोरला होता. रक्त नाकावरून उतरून मिशीत शिरत होतं. मी पदराचं टोक दाबून धरलं आणि तोंड फिरवून हसत सुटले. कारण हे कुणाच्या बाबतीत घडावं? सुभेदार केरबा गावड्यांच्या! ज्यांनी पलटणीत पोरांच्या तुकड्याच्या तुकड्या तयार केल्या, "दस्ता खांद्यात घट्ट, डोळा काचेपासून चार बोटं मागं" हे ज्यांनी मला अक्षरओळखीआधी शिकवलं, त्यांनीच डोळा काचेला चिकटवला होता. आणि ही रायफल पिसासारखी हलकी. हलकी रायफल उसळते जोरात, हेही त्यांनीच मला सांगितलेलं.

"हसतियास काय?" आबा म्हणाले. "तुझ्या आत्तीला सांगू नगंस."

आत्तीला सांगायची गरजच नव्हती. ती परसदारी उलथनं हातात घेऊन उभी होती. आबांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं आणि आबांनाही.

"केरबा!" तिनं हंबरडा फोडला. "आज पोरगी बघायला माणसं यायची, आन तू थोबाड फोडून बसलास?"

तर असा तो दिवस होता. दसरा होऊन गेलेला, हवा धुतल्यासारखी स्वच्छ, रताळ्याचे वेल शेतभर पसरलेले. चंदगडकडची आमची मोरवाडी रताळ्यावर जगायची आणि रताळ्यावर रानडुकरं जगायची. त्या काळी डुकराच्या शिकारीला परवाना मिळे, आणि अख्ख्या वाडीत तो आबांकडेच होता. त्यातून त्या वर्षी एक सुळेवाला डुक्कर फारच माजला होता. राखणीला गेलेल्या नारबाची मांडी त्यानं फाडली होती. नारबा वाचला, पण तेव्हापासून कुणी रानात झोपायला तयार होईना. तयार झालेलं पीक डोळ्यांदेखत उकरलं जात होतं.

आबांची जुनी बंदूक जड होती आणि त्यांचा खांदा दुखायचा. म्हणून बेळगावच्या कँपातला एक साहेब सगळं आवरून निघाला, तेव्हा त्याची ही हलकी रायफल आबांनी घेतली. निदान आम्हाला तरी त्यांनी कारण हेच सांगितलं होतं. मग तिला दुर्बीण हवी. बेळगावच्या दुकानदारानं ओळखीवर तीन दुर्बिणी दिल्या. घरी लावून बघा, पटेल ती ठेवा, उरलेल्या परत आणा.

घरात आल्या आल्या मी त्यांची नावं ठेवली. थोरली, मधली आणि धाकटी. थोरली कोपरापासून मनगटापर्यंत होईल एवढी लांब, तोंडाशी पेल्याएवढी रुंद. तिच्यातून लांबच्या बैलाच्या शेपटीचे केस मोजावेत. मधलीच्या आत कधीतरी एक मुंगी शिरून मेलेली होती, त्यामुळे जिकडं बघावं तिकडं मुंगीच. झाडावर मुंगी, देवळावर मुंगी, आत्तीच्या नाकावर मुंगी. ती लगेच डब्यात परत गेली. धाकटी एवढीशी, बासरीसारखी सडपातळ. तिच्यातून सगळं थोडंच जवळ यायचं.

आबांना थोरली हवी होती. मी धाकटीच्या बाजूची. थोरली चढवली की ती नाजूक रायफल डोक्यावर भरली घागर घेतलेल्या लहान पोरीसारखी लटपटायची. पण आबा ऐकेनात.

"मोठं दिसलं पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं.

मला वाटायचं, ही सुभेदारी ऐट. थोरली दुर्बीण बघून चार लोक विचारतील, म्हणून.

आत्तीनं आबांच्या भुवईत हळद भरली, वर पट्टी बांधली आणि मला म्हणाली, "तू साडी बदल. रामू येईल त्यांना घेऊन." रामू म्हणजे माझा मामा. सुळगावचं हे स्थळ त्यानंच आणलेलं. मुलगा भैरू पाटील, तेलावरची इंजिनं दुरुस्त करणारा. घरी विधवा आई आणि धाकटा भाऊ-भावजय. धाकट्याचं आधी झालेलं, कारण थोरल्याला मुलगी पसंतच पडत नव्हती. म्हणजे त्याला नव्हे, आईला. गंगूबाई पाटलीण मुली नापसंत करण्यात सगळ्या पंचक्रोशीत नावाजलेली होती. आणि मी दोन ठिकाणी नकार ऐकून तिसऱ्यासाठी बसलेली. आत्तीनं मला बजावून ठेवलं होतं, "या बारीला तू तोंड उघडायचं न्हाई. बंदुकीचा ब काढायचा न्हाई."

मी साडी बदलायला निघाले, तेवढ्यात आत्तीलाच राहवेना. "शालन, त्या नळीतनं बघ की, यष्टी आली का. पोहे आत्ताच टाकलं तर गार व्हतील."

सकाळच्या बारानंतर थोरली उतरवून ठेवली होती, त्यामुळे ती आणि धाकटी दोन्ही तेव्हा सुट्या होत्या. रायफलीला लावलेल्या दुर्बिणीतून माणसाकडं बघायचं नाही, हा आबांचा नियम घरात देवासारखा पाळला जायचा. मी दोन्ही दुर्बिणी घेतल्या आणि मागच्या टेकाडावर चढले. मागून आबा आले, त्यांच्यामागून आत्ती, हातातल्या उलथन्यासकट.

खाली ओढा, ओढ्यापलीकडे फाटा, आणि दरीच्या त्या अंगाला थेट समोर डोंगरसोंडेवर सुळगाव. पाखराला एका दमाचं अंतर. यष्टीला मात्र तालुक्याला वळसा घालून यावं लागायचं.

मी थोरली डोळ्याला लावली. तिच्यातलं जग थरथर कापत होतं. एक फांदी आली आणि गेली. मग आभाळ. मग म्हशीचं एक शिंग. मग अचानक, हात लावावा इतक्या जवळ, एका माणसाचं तोंड आलं. तोंड कसलं, संकट! लालबुंद, गाल फुगलेले, कपाळावर शीर तट्ट. आणि दातांत काहीतरी काळं.

"दिसला का?" आत्ती म्हणाली.

"दिसला. आत्ती, त्याच्या तोंडात चप्पल हाय."

आत्तीच्या हातातलं उलथनं खाली आलं.

"कुणाची?" आबांनी विचारलं.

"मला काय ठावं? एक न्हाई, दोन हायत. चावतोय की खातोय कळंना."

"रामूनं ह्ये सांगितलं न्हाई," आत्ती खोल आवाजात म्हणाली. "आगं, येडं हाय त्ये पोर. केरबा, माणसं फाट्यावरनंच परत लाव."

मला हसण्याचा ठसका लागला. हात हलला आणि ते तोंड काचेतून निसटलं. शोधून सापडेना. आता काठावरचा दगड, आता रामूमामाची छत्री, आता एक जाडजूड पाऊल, पण ते कुणाचं काही कळेना. मी वैतागून थोरली खाली ठेवली आणि धाकटी उचलली.

तिच्यात सगळं लहान होतं, पण सगळं होतं. ओढ्याच्या मधोमध तो माणूस गुडघाभर पाण्यात उभा. त्याच्या पाठीवर त्याची आई, गळ्याला मिठी मारून. आणि ती आई काही चिपाड नव्हती. एका हातानं त्यानं तिला सावरलं होतं, दुसऱ्या हातात फळांची करंडी उंच धरली होती, आणि चपला ठेवायला देवानं दिलेली एकच जागा उरली होती. मामा पलीकडच्या काठावर छत्री लावून उभा राहून सल्ला देत होता.

"आई हाय पाठीवर," मी ओरडले. "आत्ती, आईला उचललंय त्यानं! चपला त्याच्याच असतील!"

"असं व्हय," आत्ती म्हणाली. उलथनं पुन्हा वर गेलं.

आणि तेवढ्यात त्याचा पाय सरकला.

पडायला त्याला बराच वेळ लागला. आधी तो उजवीकडं झुकला, मग डावीकडं, करंडी आभाळात नाचली, मामाची छत्री मिटली, आणि मग आई, मुलगा, मोसंबी सगळं एकदम पाण्यात. इतक्या लांबून आवाज काहीच येत नव्हता. नुसतं पाणी उडालेलं दिसलं. आई त्याच्या मांडीवर बसल्यासारखी बसली होती आणि त्याच्या टाळक्यात चापट्या मारत होती. मोसंबी ओळीनं वाहत चालली होती. आणि तो, तोंडातून चपला सुटलेला तो, मान मागं टाकून हसत होता. आईला धरून हसत होता. हळूहळू तिची चापट मंदावली आणि तीही हसायला लागली.

मी बसले ती टेकाडावरच. पोटात दुखेपर्यंत हसले. आबा शेजारी बसून "मग? मग काय झालं?" असं लहान पोरासारखं विचारत होते, आणि मी सांगत होते, "आता चप्पल धरायला पळतोय... आता चप्पल फुडं, तो मागं... आता मोसंबं मामाच्या..."

मग तो थांबला. कपाळावर हात आडवा धरून त्यानं सरळ आमच्या टेकाडाकडं बघितलं. माझ्या डोळ्यांत बघितल्यासारखं.

मी दुर्बीण खाली घेतली. साडी बदलायची राहिलीच होती, ते मला तेव्हा आठवलं.

* * *

घरी पोचले तेव्हा दोघंही निथळत होते. आत्तीनं गंगूबाईंना आपलं लुगडं दिलं. भैरूला आबांची पलटणीतली खाकी पँट मिळाली. ती त्याला कमरेत दोन माणसांची आणि लांबीला पोटरीपर्यंत झाली. एका हातानं ती धरून तो पाटावर बसला. शेजारी भुवईला पट्टी बांधलेले आबा. लढाईहून परत आलेले दोन शिपाई बसावेत तसे.

"ओढ्यात जरा पाय घसरला," गंगूबाई तोऱ्यात म्हणाल्या. "आन तुमाला काय झालं म्हणायचं?"

"रायफल उसळली," आबा म्हणाले. आत्तीनं डोळे वटारले.

मी चहा घेऊन आले. खाली मान. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. गंगूबाई मला वरपासून खालपर्यंत बघत होत्या, बाजारात कालवड बघतात तसं. सगळं रीतीनं चाललं होतं. भैरूनं कप उचलला आणि सहज विचारलं, "मघाशी त्या टेकाडावर काय चमकत होतं?"

रामूमामा म्हणाला, "पत्रा असंल."

आत्ती म्हणाली, "कळशी असंल."

भैरू माझ्याकडं बघत होता. कपाच्या मागं त्याचे डोळे हसत होते. मला तोंड उघडायचं नव्हतं. आत्तीची शपथ होती. पण ते डोळे बघून खोटं बोलवेना.

"दुर्बीण," मी म्हटलं.

बशीत कप आपटल्याचा आवाज झाला. "कसली दुर्बीण?" गंगूबाई म्हणाल्या.

"रायफलीची. पण रायफलीला लावलेली नव्हती," मी घाईनं सांगितलं, जणू तेवढ्यानं सगळं नीट होणार होतं.

गंगूबाई उभ्या राहिल्या. "म्हंजे आमी हिला बघायला येणार, आन ही आमालाच बंदुकीच्या नळीतनं बघणार? पाण्यात पडताना? आन हसली असंल वर! रामूभाऊ, ह्ये कसलं घर दाखवलंसा? भैरू, ऊठ. माझं लुगडं आणा."

लुगडं दोरीवर ठिबकत होतं. दुसऱ्याच्या लुगड्यावर रागानं निघून जाणं गंगूबाईंना शोभणारं नव्हतं. त्या उभ्याच राहिल्या. आत्तीच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. मला तो माणूस हवा होता. हे मला त्या क्षणी कळलं, आणि तो हातातून चाललाही होता.

भैरू उठला नाही. उठता येण्यासारखी पँटही नव्हती. त्यानं आबांना विचारलं, "आबा, किती लांबचं दिसतंय त्यातनं? आमचं सुळगाव दिसंल?"

"हवा चांगली हाय," आबा म्हणाले. "दिसलं पायजे."

गंगूबाईंची मान वळली. "आमचं घर?"

* * *

पुढचा दुपारभराचा गोंधळ मी कसा सांगू? टेकाडावर घोंगडं अंथरलं. दगडावर थोरलीला टेकवलं, म्हणजे ती थरथरू नये. गंगूबाई पालथ्या झोपल्या, एक डोळा मिटला, एक काचेला लावला आणि दुर्बीण इकडं तिकडं फिरवत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. "आगं बया."

"काय दिसतंय आई?"

"देऊळ. कळसावर कावळा बसलाय. भैरू, कावळ्याची चोच दिसत्या रं!" मग दुर्बीण जरा सरकली. "आपला गोठा. आपलं अंगण. ती बघ, सुंदरा! सासू गावाला गेली की झोपलीया बघ अंगणात, भर दुपारची! आन... आन म्हस कुठं हाय? म्हस सुटलीया! भैरू, म्हस चव्हाणाच्या उसात शिरली! आगं ए सुंदरे! ऊठ की! म्हस!"

गंगूबाई दरीपलीकडं ओरडत होत्या. आत्तीही ओरडू लागली. तिला त्या घरातलं कुणीच माहीत नव्हतं, तरी ती "ए सुंदरे!" करून जीव तोडून ओरडत होती. रामूमामा छत्री हलवत होता. धाकटी सून सुंदरा निवांत झोपली होती, आणि म्हैस चव्हाणांचा ऊस खात होती. मग गंगूबाईंनाच हसू फुटलं. त्या उताण्या झाल्या, आभाळाकडं बघून हसल्या, डोळे पुसले आणि पुन्हा काचेला डोळा लावला. त्यानंतर कुणीही मागितली तरी त्यांनी थोरली सोडली नाही.

"शालन," मध्येच त्यांनी डोळा न काढता हाक मारली. मी शेजारी बसले. "खरं सांग. मी पडले तवा लुगडं कुठवर वर गेलं हुतं?"

"गुडघ्यापतोर," मी म्हटलं.

"रामूभाऊनं बघितलं का?"

"मामा मोसंबी गोळा करत हुता."

"बरं झालं," म्हणून त्या पुन्हा म्हैस शोधू लागल्या.

इकडं भैरूनं धाकटी हातात घेतली होती. त्यानं तिच्या कड्या बघितल्या, पेचकस मागितला आणि आम्ही दोघांनी ती रायफलीवर चढवली. तो स्क्रू आवळत होता, मी रायफल धरली होती.

"चपला खांद्याला अडकवायच्या की," मी हळूच म्हटलं.

"खांद्यावर आई हुती."

"मग खिशात?"

"खिशात तुझ्यासाठी आणलेला गजरा हुता. त्यो वाहून गेला." तो पेचकसाकडं बघत म्हणाला. "चांगला हुता."

मी रायफल आणखी घट्ट धरली. मग आम्ही खाणीत जाऊन मडक्यावर नेम जुळवला. पहिला बार उजवीकडं गेला. त्यानं काचेतली नेमाची फुली थोडी सरकवली. दुसऱ्याला मडक्याच्या ठिकऱ्या झाल्या. माझ्या भुवईला काही झालं नाही.

"झकास," भैरू म्हणाला. "हिला हीच पायजे."

पण आबा म्हणाले, "थोरलीच ठेवायची. उद्या परत चढवू." त्यांचा आवाज असा होता, की मी वाद घातला नाही.

या सगळ्यात शेवटची यष्टी केव्हा गेली, कुणालाच कळलं नाही.

* * *

ऊन तांबूस झालं तेव्हा आम्ही सगळे अजून टेकाडावरच होतो. गंगूबाई एकदम म्हणाल्या, "ह्ये काय चाललंय तुमच्या रानात?"

खाली ओढ्याच्या कडेनं रताळ्याच्या शेतात काळी ठिपकी उतरत होती. डुकरं. एवढ्या उजेडी ती कधी येत नसत. राखण उठल्यापासून सोकावली होती. मागून एकटा, अंगानं दुप्पट, तो सुळेवाला आला.

आबांनी हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यांनी रायफल घेतली, दगडावर टेकवली, दस्ता खांद्यात बसवला. सुभेदार गावडे कसे दिसत असतील पलटणीत, ते मला तेव्हा दिसलं.

बार होईना.

आबांनी डोळा काचेजवळ नेला. आणखी जवळ. सकाळसारखाच, अगदी चिकटेपर्यंत. मी बघत होते. पट्टीखालच्या भुवईला काच टेकली, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती ऐट नव्हती. मोठं दिसलं पाहिजे, हे ते चार लोकांसाठी म्हणत नव्हते. सकाळी मडकं फुटलं की नाही, हे त्यांनी मला विचारलं होतं.

आबांनी रायफल खाली घेतली. पाव्हण्यांसमोर, आत्तीसमोर.

"शालन, हितं ये," ते म्हणाले. "मला नुसतं धुकं दिसतंय गं."

मी त्यांच्या जागी पालथी झाले. दस्ता खांद्यात आला आणि तिथं असा बसला, जणू माप घेऊन केला होता. धाकटीत सगळं शेत मावलं. मादी होती, तिच्यामागं पिलं होती, ती मी बाजूला ठेवली. वेल उकरणारा तो मोठा डुक्कर एका अंगाला एकटा होता. मागं मोकळा बांध, पलीकडं माणूसकाणूस नाही. मी श्वास सोडला आणि घोडा दाबला.

"लागलं का?" आबांनी विचारलं.

"लागलं," भैरू म्हणाला. "आबा, जागच्या जागी. पाय सुदिक झाडला न्हाई."

आबा गवतावर बसले. हसत होते, आणि त्यांच्या पट्टीखालून पाणी येत होतं, की पुन्हा रक्त, ते कळलं नाही. खालून वाडीतली माणसं आरोळ्या देत शेताकडं पळत होती. नारबा काठी टेकत सगळ्यांत पुढं होता. आत्ती रडत होती आणि मला मारत होती, का ते तिलाही सांगता आलं नसतं. भैरू उभा राहून नाचला. दोन्ही हात वर करून नाचला, आणि मग त्याला पँटची आठवण झाली.

आबा गंगूबाईंना म्हणाले, "पाटलीणबाई, ही रायफल मी हलकी घेतली ती माझ्या खांद्यासाठी न्हवं. हिच्या खांद्यासाठी. परवान्यावर हिचं नाव चढवून घेतलंय. वाटत हुतं, अजून एकदोन हंगाम मी करीन. थोरली लावली तर जमंल, असं वाटत हुतं. पोरगी घ्यायची असंल, तर अशी घ्या. ल्हान करून दिणार न्हाई मी."

गंगूबाई घोंगडीवर मांडी घालून बसल्या होत्या. थोरली त्यांच्या मांडीवर. त्यांनी माझ्याकडं बघितलं, भैरूकडं बघितलं, समोर धूसर होत चाललेल्या सुळगावाकडं बघितलं.

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या. "देणंघेणं काय नगं. पण ही नळी मी ठेवून घेणार."

आबांनी हात जोडले. अशा रीतीनं दुर्बिणीचा निकाल लागला.

* * *

त्याच मार्गशीर्षात लग्न झालं. रायफल आणि धाकटी माझ्याबरोबर सुळगावला आली. तिथंही डुकरं होतीच. नवऱ्याच्या घरी मला दुःख असं काही नव्हतं. भैरूच्या राज्यात रडायला वेळच मिळायचा नाही. पण सांज झाली की मी अंगणाच्या कडेला येऊन दरीपलीकडं बघत उभी राहायची. आबांची नजर त्या वर्षी झपाट्यानं गेली. शस्त्रक्रियेला ते तयार होईनात. पत्र लिहिणं त्यांनी सोडून दिलं होतं.

सासूबाईंनी माझं उभं राहणं कितीतरी दिवस बघितलं असेल. एक दिवस त्यांनी दगडी कट्ट्यावर थोरली टेकवली, पालथ्या झोपल्या आणि मोठ्यानं सांगायला लागल्या, मला नव्हे, जणू हवेला.

"सुभेदार ओसरीवर बसल्यात. धोतर धुतलेलं हाय. आत्तीनं काहीतरी वाटीत आणून दिलं. शिरा असंल. खाल्ला. आता आत्तीला काहीतरी बोललं, आत्ती हात नाचवाय लागली. बरं हायत दोघं."

मग ते रोजचंच झालं. मला त्या कधी काचेला डोळा लावू देत नसत. दुर्बीण त्यांची होती आणि बातमीही त्यांचीच. मी शेजारी बसून ऐकायची.

एका संध्याकाळी त्या सांगता सांगता थांबल्या.

"काय झालं आई?"

"गप. सुभेदार उठून अंगणात आलं. काठी टेकत. आपल्याच दिशेला तोंड केलंय." त्यांचा आवाज बारीक झाला. "हात वर केला बघ म्हाताऱ्यानं. दिसत न्हाई त्याला काय सुदिक, तरी हात हलवतोय."

आणि एका हातानं दुर्बीण घट्ट धरून, काचेवरचा डोळा न काढता, सासूबाईंनी दुसरा हात वर केला आणि त्या जोरजोरानं हलवू लागल्या.